फाइव्ह-स्टार टॅकल हातचा गेला, म्हणजे नक्की किती गेलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही शार्लटला राहता. मुलगी एसईसी या बड्या कॉलेज-लीगमधल्या एका विद्यापीठात शिकायला गेली आणि तिच्यामागोमाग तुमच्या घरात शनिवारचं कॉलेज फुटबॉल आलं. जूनमध्ये एका फाइव्ह-स्टार ऑफेन्सिव्ह टॅकलने, म्हणजे क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्याला) राखणाऱ्या पाच जणांच्या लाइनमधल्या कडेच्या खेळाडूने, तिच्या विद्यापीठाला होकार दिला, चाहते नाचले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने सही भलतीकडेच केली आणि तीच मंडळी सुतकात गेली. तुम्ही विचारताय की बारावीतल्या एका मुलासाठी एवढा आकांत कशाला, हे स्टार कोण आणि कशावरून देतं, त्याने शब्द फिरवला कसा, आणि त्याची पाच मिनिटांची क्लिप बघून आपल्यासारख्याला काही कळतं का.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: एक नाव गेल्याने संघाचं खरं नुकसान किती? ते त्या मुलापेक्षा बाकीच्या लाइनवर जास्त अवलंबून असतं. विद्यापीठाचं नाव तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे हिशेब कसा करायचा ते सांगतो, बेरीज तुम्ही करा. शाळेच्या पातळीवर लाइनमन घडवणं आणि त्यांची फिल्म कॉलेजांकडे पाठवणं हे माझं काम. कॉलेजच्या रिक्रूटिंग ऑफिसातला माणूस काही मुद्दे वेगळे मांडेल.

आकांतापासून सुरुवात करू. चांगला रिसीव्हर किंवा कॉर्नरबॅक दर वर्षी देशभर शेकड्यांनी मिळतो. सहा फूट पाच इंच उंच, ३०० पौंड म्हणजे सुमारे १३६ किलो वजनाचा, आणि तरीही पाय हलके असलेला सतरा वर्षांचा मुलगा शेकड्यांनी मिळत नाही. हात कुठे ठेवायचे, पाऊल किती टाकायचं, हे शिकवता येतं. हाताची लांबी आणि घोट्यातली लवचीकता शिकवता येत नाही. टॅकलसाठी ३४ इंच हात ही प्रशिक्षकांच्या डोक्यातली रेघ असते, कारण पास-रशरचे, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याचे, हात टॅकलच्या छातीला आधी लागले की पुढचं सगळं त्याच्या मर्जीने होतं. ही रेघ दगडावरची मात्र नाही. नॉर्थवेस्टर्नचा लेफ्ट टॅकल पीटर स्कोरोन्स्की याचे हात सव्वाबत्तीस इंच भरले. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीग एनएफएलच्या वार्षिक निवडीत, तो ११ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि तिथे त्याला गार्डवर, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूच्या जागेवर, आणलं. एलएसयूच्या विल कॅम्पबेलचे हात २०२५ च्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचणीत, ३२ पूर्णांक ५/८ इंच निघाले, त्यावर महिनाभर चर्वितचर्वण झालं, आणि तरी न्यू इंग्लंड या एनएफएल संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेऊन टॅकलवरच ठेवलं. म्हणजे आखूड हातांचा मुलगा बाद होत नाही, त्याच्या चुकीला जागा कमी उरते एवढंच.

आता स्टार. ते खासगी रिक्रूटिंग सेवा देतात: २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन. विद्यापीठांचा किंवा कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए हिचा त्यात हात नाही. वेगवेगळ्या सेवांचे आकडे एकत्र करून जो कॉम्पोझिट बनतो, त्यावर चाहते बहुतेक वेळा भांडत असतात. यातली कळीची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. २४७स्पोर्ट्स फाइव्ह-स्टारची संख्या ३२ च्या आसपास ठेवते, कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. म्हणजे हा स्टार चार-पाच वर्षांनंतरच्या ड्राफ्टचा अंदाज आहे. पुढच्या सप्टेंबरमध्ये तो मुलगा तुमच्या मुलीच्या संघाला सामना जिंकून देईल की नाही, हे त्यात मोजलेलंच नसतं.

याचा एक परिणाम असा की उत्तम सेंटर (लाइनच्या मधोमधचा) आणि गार्ड यांच्या वाट्याला पाच स्टार जवळपास येतच नाहीत, कारण एनएफएल त्या जागांसाठी पहिल्या फेरीत क्वचित हात घालते. ओलू ओलुवातिमी आधी एअर फोर्सला होता, मग व्हर्जिनियात, मग मिशिगनला आला, आणि २०२२ मध्ये त्याने सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन आणि लाइनमनसाठीची आउटलँड अशा दोन्ही ट्रॉफ्या घेतल्या. शाळेत असताना त्याच्या नावावर कोणी रात्र जागवली नव्हती. दुसरा परिणाम जरा गमतीचा. अलाबामा किंवा ओहायो स्टेटने ऑफर दिली की मुलाचं मानांकन चढतं, मानांकन चढलं की आणखी ऑफर येतात. चाहते याला पक्षपात म्हणतात. मला तो पूर्ण पक्षपात वाटत नाही, कारण त्या प्रशिक्षकांनी मुलाला प्रत्यक्ष उभं करून मोजलेलं असतं आणि सेवावाल्याने बऱ्याचदा फक्त फिल्म पाहिलेली असते. पण कॅम्पला जायची ऐपत नसलेला किंवा आडगावच्या शाळेतला मुलगा या चक्रात मागे राहतो, हे खरं आहे.

स्टार अगदीच पोकळ नसतात. दरडोई पाहिलं तर फाइव्ह-स्टार मुलगा पहिल्या फेरीत जाण्याची शक्यता थ्री-स्टारपेक्षा कितीतरी जास्त असते. पण थ्री-स्टार हजारोंनी असतात, म्हणून एनएफएलच्या यादीत तेच जास्त दिसतात. ‘बघा, अमका तर थ्री-स्टार होता’ आणि ‘बघा, फाइव्ह-स्टारच पुढे जातात’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात, आणि त्यावरच अर्धा ऑफ-सीझन खर्ची पडतो.

ऑफेन्सिव्ह लाइनचा अंदाज सगळ्यात जास्त का चुकतो, ते जरा सविस्तर सांगतो. पहिलं कारण समोरचा माणूस. शाळेत ३०० पौंडाच्या टॅकलसमोर बऱ्याचदा १९० पौंडाचा मुलगा उभा असतो. त्याला आडवं करायला तंत्र लागत नाही, नुसतं अंगावर गेलं तरी पुरतं. दुसरं कारण शाळेचा खेळ. विंग-टी किंवा ट्रिपल ऑप्शन अशा धावण्यावर भर देणाऱ्या पद्धती खेळणाऱ्या शाळेत मुलगा सामन्यात पाच-सहा वेळासुद्धा खरं पास-प्रोटेक्शन, म्हणजे चेंडू फेकेपर्यंत क्वार्टरबॅकची राखण, करत नाही. स्प्रेड, म्हणजे खेळाडू पसरवून झटपट पास टाकण्याची पद्धत, खेळणाऱ्या शाळेत चेंडू दीड-दोन सेकंदांत हातातून सुटतो, मग टॅकलने तीन सेकंद टिकाव धरला असता का, हे कळायला मार्गच नसतो. तिसरं कारण शरीर. सतराव्या वर्षी ज्याची वाढ संपली आहे तो आज मोठा दिसतो, ज्याची राहिली आहे तो दोन वर्षांनी मोठा होतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे २०१३ चा ड्राफ्ट. पहिल्या चार जागांपैकी तीन टॅकलना गेल्या. पहिला एरिक फिशर, सेंट्रल मिशिगनचा, शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांनी फारसा न विचारलेला. चौथा लेन जॉन्सन, जो टेक्सासच्या ग्रोव्हटनमध्ये शाळेत क्वार्टरबॅक होता आणि किलगोरच्या ज्युनियर कॉलेजातही क्वार्टरबॅक म्हणूनच गेला. ओक्लाहोमात टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, मग टॅकल. अलीकडचा जो आल्ट घ्या. शाळेत टाइट एंड खेळलेला थ्री-स्टार मुलगा नोत्र दामला आला, वजन वाढवलं, पहिल्याच वर्षी अर्ध्या हंगामापासून लेफ्ट टॅकलवर उभा राहिला आणि २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर गेला. त्याचे वडील जॉन आल्ट एनएफएलमध्ये कॅन्सस सिटीसाठी टॅकल खेळले होते. म्हणून घरी भेट देणारे प्रशिक्षक आई-वडिलांची उंची आणि भावांच्या बुटांचे नंबरसुद्धा नजरेने टिपून जातात.

डिफेन्सिव्ह लाइनचं थोडं वेगळं आहे. स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, पहिलं पाऊल किती झपकन पडतं, हे शाळेच्या फिल्मवरही दिसतं आणि कॅम्पमध्येही. त्यामुळे एज रशरचा, म्हणजे कडेने धावून येणाऱ्याचा, अंदाज तुलनेने बरा जमतो. आतल्या टॅकलचा मात्र नाही, कारण दोन ब्लॉकर अंगावर आले की तो जागेवर टिकतो का, हे शाळेत क्वचितच तपासलं जातं. जॉर्जियाची २०२१ ची विजेती लाइन आठवा. ट्रॅव्हॉन वॉकर फाइव्ह-स्टार होता आणि २०२२ मध्ये ड्राफ्टचा पहिलाच मानकरी ठरला. त्याच्या शेजारचा जॉर्डन डेव्हिस तुमच्याच शार्लटचा, थ्री-स्टार. सहा फूट सहा इंच, ३४१ पौंड, आणि ४० यार्ड ४.७८ सेकंदांत धावून १३ वा गेला. तिसरा डेव्हॉन्टे वायट कॅन्ससमधल्या हचिन्सन कम्युनिटी कॉलेजमार्गे आलेला. तो २८ वा. एकाच फळीतून पहिल्या फेरीत तिघे, तिघांच्या वाटा तीन.

आता क्लिप. तुम्ही पाहिलेली पाच मिनिटांची रील बहुधा हडल या खेळाडूंच्या व्हिडिओंच्या संकेतस्थळावरची असेल, आणि तिचं काम मुलाला विकणं हे आहे. त्यात पॅनकेक ब्लॉक, म्हणजे समोरच्याला पाठीवर पाडणं, एकामागून एक लावलेले असतात. तेवढ्यावर मत बनवू नका. शक्य असेल तर एक पूर्ण सामना शोधा, तोही एंड झोनच्या मागून घेतलेला. बाजूच्या कॅमेऱ्यातून लाइनमनचे पाय आणि हात एकमेकांच्या गर्दीत हरवतात. मागच्या कॅमेऱ्यातून त्याची दोन पावलं, कंबर आणि हात स्पष्ट दिसतात.

पहिल्या झटक्यात मी समोरच्या मुलाचा आकार बघतो. १८० पौंडाच्या मुलाविरुद्धच्या दहा क्लिप बाजूला ठेवून, त्या जिल्ह्यातल्या सगळ्यात तगड्या डिफेन्सिव्ह एंडविरुद्धचा एक सामना बघितला तर वेळ सत्कारणी लागतो. मग गुडघे. चांगला लाइनमन गुडघ्यात वाकतो, पाठ सरळ ठेवतो, नजर वर. वाईट सवयीचा मुलगा कमरेत वाकतो. कमरेत वाकणाऱ्याचं डोकं पायाच्या बोटांच्या पुढे जातं, आणि अशा माणसाला कॉलेजमधला रशर हात झटकून खाली पाडतो. शाळेत ते झाकलं जातं, कारण शाळेतला रशर तेवढा बलवान नसतो. कमरेत वाकण्याचं मूळ बऱ्याचदा आळस नसून घट्ट घोटे आणि खुबे असतं. घट्टपणा थोडा सुटतो, पूर्ण नाही. म्हणून हा दोष मी जड धरतो.

त्यानंतर धडक झाल्यावरचे पाय. धडकेपर्यंत सगळेच पळतात. धडकेनंतर पाय थांबले की ब्लॉक अर्धाच राहतो. छोटी, जमिनीला धरून पडणारी, चालू राहणारी पावलं हवीत. पास-प्रोटेक्शनमध्ये बाहेरचा पाय मागे सरकतो, आतला त्याच्या मागे तितकाच सरकतो, दोन्ही पायांतलं अंतर जवळपास तेच राहतं; याला किक-स्लाइड म्हणतात. टाचा एकमेकींना लागल्या किंवा पाय ओलांडले, तर त्या क्षणी तो ढकलला जाणार. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वेगाच्या धास्तीने फार बाहेर सरकणं. टॅकलने रशरच्या आतल्या अर्ध्या अंगासमोर राहायला हवं. पूर्ण समोर किंवा त्याच्या बाहेर गेला की आतली वाट मोकळी होते, आणि आतली वाट हीच क्वार्टरबॅककडे जाणारी सगळ्यात जवळची. एखाद्या क्लिपमध्ये रशर आत वळला आणि टॅकलने आतला पाय टाकून त्याला अडवलं असेल, तर ती क्लिप दहा पॅनकेकपेक्षा मोलाची समजा.

हातांचं सोपं आहे: कोपरं अंगालगत, पंजे समोरच्याच्या छातीवर, अंगठे वर. हात रुंद फेकून खांद्यांना मिठी मारणाऱ्याला कॉलेजमध्ये होल्डिंगचे दंड बसतात. पण हात शिकवून सुधारतात, त्यामुळे यासाठी कोणाला बाद करू नये. शेवटी चौथ्या क्वार्टरची दहा मिनिटं बघा. ३४० पौंडाचा मुलगा तिथे कंबरेवर हात ठेवून उभा असेल, तर कॉलेजमध्ये त्याचं पहिलं वर्ष ३० पौंड उतरवण्यातच जाणार. उलट २६५ पौंडाचा, रुंद खांद्यांचा, लांब हातांचा मुलगा वर्षाला १५-२० पौंड चांगलं वजन चढवू शकतो. आज दोघे शेजारी उभे केले तर चाहता पहिल्याला निवडेल. बरेचसे लाइन-प्रशिक्षक दुसऱ्याला निवडतील.

फुटबॉलबाहेरचे पुरावेही पाहा. शाळेतला गोळा १२ पौंडांचा असतो. तो ५० फुटांपलीकडे टाकणाऱ्या मुलाच्या खुब्यांत स्फोट आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. बास्केटबॉल खेळणारा पायाने हलका असतो. आणि कुस्ती. अमेरिकेत शाळेची हेवीवेट कुस्ती आणि ऑफेन्सिव्ह लाइन यांचं नातं जुनं आहे. आयोवाचा ट्रिस्टन वर्फ्स शाळेत कुस्तीत आणि थाळीफेक-गोळाफेकीत गाजलेला होता. समोरच्याचं वजन हाताला लागताच आपला तोल कुठे न्यायचा, हे कोल्हापूरच्या तालमीत जे शिकवतात तेच इथे पॅड घालून करायचं असतं.

कॅम्पमधल्या वन-ऑन-वन क्लिपबद्दल एक सावधगिरी. तो सराव रशरच्या बाजूने झुकलेला असतो. शेजारी गार्ड नाही, मैदान मोकळं, चेंडू कधी सुटणार याची घाई नाही, धावण्याचा डाव येईल ही भीती नाही. तिथे टॅकल चारपैकी दोनदा हरला तर बिघडलं नाही. कसा हरला ते बघा. तोल सांभाळून, मागे सरकत, रशरला लांबच्या वाटेने नेत हरला तर ठीक. तोंडावर आपटून हरला तर नोंद करून ठेवा.

इथवरचा सारांश एवढाच, की स्टार हा शरीरावरून बांधलेला ड्राफ्टचा अंदाज आहे, ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये तो इतर जागांपेक्षा जास्त चुकतो, आणि तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर पूर्ण सामन्यात गुडघे, धडकेनंतरचे पाय आणि आतली वाट बघायची.

पुढे, जूनचा होकार डिसेंबरमध्ये फिरला कसा? तोंडी कमिटमेंटला कायद्याचं बळ नाही, ना मुलाकडून ना विद्यापीठाकडून. विद्यापीठंही ‘ऑफर’ देऊन ठेवतात आणि मुलाने हो म्हणायला फोन केला की ‘जरा थांब’ म्हणतात. अशा ऑफरला रिक्रूटिंगमधली माणसं नॉन-कमिटेबल म्हणतात. अकरावीच्या १ सप्टेंबरपासून प्रशिक्षक मुलाला थेट संदेश पाठवू शकतात. अकरावीच्या १ एप्रिलपासून ऑफिशियल व्हिजिट, म्हणजे विद्यापीठाच्या खर्चाने भेट, घेता येते. एका विद्यापीठाला एकदाच, पण किती विद्यापीठांना जायचं यावर २०२३ पासून मर्यादा नाही. म्हणून जूनमध्ये मुलं दर शनिवार-रविवारी नव्या गावात असतात आणि महिनाअखेर होकारांचा पाऊस पडतो. सही मात्र डिसेंबरमध्ये. अर्ली सायनिंग पीरियड २०१७ पासून आहे, आणि २०२४ पासून तो डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सुरू होतो. पूर्वी मुलं नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर सही करत. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं आणि आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते. ती झाली की इतर विद्यापीठांना त्याच्याशी रिक्रूटिंगचं बोलणं बंद करावं लागतं. तोवरचे पाच-सहा महिने मैदान खुलं.

त्या काळात फिरण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे प्रशिक्षकाची बदली. हे डिसेंबरच्या सुमारासच घडतं. केल्विन बँक्स ज्युनियरने ऑरेगनला शब्द दिला होता. डिसेंबर २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबाल ऑरेगन सोडून मायामीला गेले, बँक्स टेक्सासला गेला, पहिल्याच वर्षी लेफ्ट टॅकलवर सुरू झाला, २०२४ ची आउटलँड आणि लोम्बार्डी या ट्रॉफ्या जिंकला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये नववा गेला. दुसरं कारण घराचं अंतर आणि संधी यांची ओढाताण. केडिन प्रॉक्टर आयोवाचा. आयोवाला शब्द दिला, डिसेंबर २०२२ मध्ये अलाबामाला सही केली, एक हंगाम खेळून जानेवारी २०२४ मध्ये आयोवाला बदली घेतली आणि मार्चमध्ये परत अलाबामाला गेला. चाहत्यांनी दोन्हीकडून त्याला शिव्या घातल्या. माझ्या मते त्याच्या गोंधळात काही विपरीत नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, घर की मोठा संघ.

तिसरं कारण पैसा, आणि ते आता उघड आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, प्रतिमेचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना वाटा देऊ लागली. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची सगळ्या खेळांची मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. फुटबॉलच्या ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली, त्याऐवजी संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली. लेखी प्रस्ताव बारावीच्या १ ऑगस्टपासून देता येतो. म्हणजे जूनचा होकार तोंडी आकड्यावर दिलेला असतो आणि खरा कागद नंतर येतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत की फ्लिप, म्हणजे शब्द फिरवून दुसरीकडे सही. त्या मुलाच्या बाबतीत यातलं नेमकं काय झालं, ते बाहेरून सांगता येणार नाही. आणि चाहत्यांच्या गप्पांत जे आकडे फिरतात, ते बहुतेक वेळा ज्याच्या फायद्याचे असतात त्याच्याच बाजूने सुटलेले असतात.

पुढच्या वेळी आधी सुगावा हवा असेल, तर अंदाज वर्तवणाऱ्या मंडळींच्या टक्केवारीपेक्षा मुलाचा प्रवास बघा. कमिट झाल्यावरही तो दुसरीकडे ऑफिशियल व्हिजिटला गेला का? नोव्हेंबरात प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या सामन्याला दिसला का? ‘१०० टक्के कमिटेड’ असं दर महिन्याला लिहावं लागतंय का? यातल्या दोन गोष्टी झाल्या की मी त्याला यादीत कच्चा धरतो. एक मात्र करू नका: त्या मुलाला थेट संदेश पाठवू नका. तुम्ही विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला देणगी दिली असेल, तर एनसीएएच्या भाषेत तुम्ही बूस्टर ठरू शकता आणि तुमचा ‘परत ये रे’ असा निरोपसुद्धा नियमभंगात मोडू शकतो.

आता मूळ हिशेब. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडा आणि ऑफेन्सिव्ह लाइनमन वर्षांप्रमाणे मांडा. मोठ्या संघात साधारण १५ ते १८ असतात. सामन्यात पाच सुरू करतात, आठ-नऊ जणांवर भरोसा असतो, बाकीचे तयार होत असतात. निरोगी लाइनमध्ये दर वर्षी चार-पाच नवे येतात आणि प्रत्येक वयोगटात निदान दोन खरे टॅकल असतात. टॅकल गरज पडली तर गार्डवर जाऊ शकतो, गार्ड टॅकलवर सहसा नाही. म्हणून गेलेला मुलगा टॅकल होता हे महत्त्वाचं. या वर्षीच्या सह्यांत आणखी किती टॅकल उरले? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला किती आहेत? दोन्हीकडे दोन-दोन असतील तर सुतक पाळायचं कारण नाही. एखाद्या वर्गात शून्य असेल, तर ते भोक तीन वर्षांनी दिसेल, कारण बहुतेक लाइनमन पहिलं वर्ष रेडशर्ट होतात, म्हणजे सामने न खेळता पात्रतेचं ते वर्ष राखून ठेवतात. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष वाचवता येतं. बँक्स किंवा कॅम्पबेलसारखे पहिल्या दिवसापासून उभे राहणारे अपवाद असतात.

मग लाइन-प्रशिक्षक. तो किती वर्षं तिथे आहे ते बघा. पाच जणांनी एकाच इशाऱ्यावर एकत्र हलायचं असतं. एकाचं पाऊल अर्धा क्षण उशिरा पडलं तर शेजारचे दोघे उघडे पडतात. त्यासाठी एकत्र घालवलेला वेळ लागतो. सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला एक गट म्हणून दिला जाणारा जो मूर पुरस्कार २०२१ आणि २०२२ मध्ये मिशिगनला लागोपाठ मिळाला, आणि २०२४ मध्ये आर्मीला, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाला. आर्मीकडे फाइव्ह-स्टार सोडा, फोर-स्टारचीही रांग नसते. उलट दर दोन वर्षांनी लाइन-प्रशिक्षक बदलणाऱ्या संघात चांगली मुलं नव्या शब्दावली शिकत बसतात आणि वसंत संपता संपता निघून जातात.

शेवटचा भाग बदल्यांचा. ट्रान्स्फर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदवहीमुळे, आज हुकलेला टॅकल दोन वर्षांनी मिळू शकतो, आणि आज मिळालेला दोन वर्षांनी जाऊ शकतो. २०२६ पासून पोर्टलची एकच खिडकी आहे, पहिल्या वर्षी ती २ ते १६ जानेवारी होती; वसंतातली बंद झाली. पण पोर्टलमध्ये उतरलेला खरा, सिद्ध झालेला टॅकल सगळ्यात महाग माल असतो आणि त्यासाठी दहा विद्यापीठं उभी असतात, म्हणून ज्या संघाने बारावीतून मुलं घेतली नाहीत त्याला तिथे जास्त दाम मोजून कमी मिळतं. वसंत सरावाला १५ सत्रं मिळतात. त्या काळातल्या बातम्यांत स्टार्टर कोण यापेक्षा दुसऱ्या पाचात लेफ्ट टॅकल कोण उभा राहतो ते शोधा. तिथे रेडशर्ट झालेल्या एखाद्या मुलाचं नाव दिसलं तर गेलेल्या मुलाची जागा भरायला माणूस आहे. तिथे नुकताच आलेला ज्युनियर कॉलेजचा खेळाडू किंवा मारून-मुटकून बसवलेला गार्ड दिसला, तर चाहत्यांचा डिसेंबरातला आकांत रास्त होता असं धरा.